एकोणचाळीसची गाडी

५ हमल १३९०

आली एकदाची! पांढरी कोरोला, अगदी नव्यासारखी — आणि नंबरात एकोणचाळीस! झलमय लाला, माझा थोरला भाऊ, साऱ्या काबूलमध्ये स्वतःला शहाणा समजणारा, त्याने इंजिन बघितलं, चाकं बघितली, पण नंबर बघायला विसरला. हेरातच्या कुणा भडव्याच्या गाडीवर म्हणे हा आकडा होता. तेव्हापासून एकोणचाळीसवाला तो त्याच धंद्यातला. झाला निकाल!

आत्ता लक्षात आलं. नव्या सालाच्या, १३९०च्या पोटातही एकोणचाळीस बसलेत. आता लाला वर्षभर घरात बसणार की काय?

८ हमल

लाला गाडी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेला नि परतला. नानच्या भट्टीपाशी पोरांनी विचारलं म्हणे, "काका, बायका कुठं उतरवल्या?" जेवला नाही.

११ हमल

विकत कुणी घेत नाही. गाडी अंगणात उभी, आणि मी शाळेत शिकवायला जायला दोन व्हॅन बदलते, वर गर्दीत पुरुषांचे चिमटे खाते. माझा गाडी चालवायचा परवाना दोन वर्षं पेटीत पडलाय. आज किल्ली मागितलीच.

"एकोणचाळीसमध्ये बाईमाणूस? लोक काय म्हणतील?"

"गाडी चालवणाऱ्या बाईला लोक तेच म्हणतात लाला, नंबर कुठलाही असो."

आई म्हणाली, लाज कोळून प्यायलीस. लालाने किल्ली फेकली. मोडलीस तर सुटलो, म्हणाला.

१३ हमल

शाळेत वेळेवर! वाटभर शिट्ट्या. चौकातल्या पोलिसाने आधी नंबर पाहिला, मग मला, आणि हात दाखवायचाच विसरला. कितीतरी वर्षांनी कुणाचं कोपर लागलं नाही. चौकातच रडू आलं.

२६ हमल

शुक्रवार. आईला पघमानला मावशीकडे नेलं. लाला चार वर्षं "पुढच्या शुक्रवारी" म्हणतोय. जाताना आई तोंडावर चादर ओढून मागच्या सीटवर आडवी — तोबा, तोबा! येताना पुढे बसली, वाळकी तुती खात. "त्या व्हॅनला मागं टाक की," म्हणाली.

१ सवर

हमल महिन्याबरोबर संपलं सगळं. लालाने ओळखीतून नंबर बदलून आणला. आता नंबराच्या शेवटी एकतीस. गाडी आता अब्रूदार झाली, म्हणून मी चालवायची नाही. किल्ली त्याच्या खिशात. शनिवारपासून पुन्हा व्हॅन, पुन्हा ती कोपरं. इतका संताप झालाय की लिहवत नाही. आई नुसती चहा ओतत राहिली.

३ सवर

सकाळी अंगणात आरडाओरडा. आमच्या लिपीत एकचा आकडा म्हणजे उभी रेघ, तिच्या डोक्याला वेटोळं काढलं की नऊ होतो — कुणीतरी नंबरावर काळ्या रंगाने काढलंय, एकतीसचे पुन्हा एकोणचाळीस! वाळलंय, निघत नाही. लालाने किल्ली माझ्यापुढे आपटली. अल्लाची शपथ, मी नव्हे!

आत गेले. आई रॉकेलने बोट घासत बसली होती.




"शुक्रवारी लवकर निघू," म्हणाली.