आवाज माझा, चेहरा तुमचा

अण्णा, आज तुम्हाला पुन्हा पाहिलं. कपाट आवरताना चिरेखाणीविरुद्ध आम्ही केलेल्या फिल्मची सीडी सापडली आणि आवरणं तिथंच राहिलं.

त्या वर्षी खाण आपल्या पऱ्याच्या डोक्यावर आली होती. ओढ्याचं पाणी गढूळ झालं, विहिरींना लाल पाणी यायला लागलं, तरी गाव बोलेना, कारण निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी खाणीवर कामाला. शाळेच्या पटांगणावरच्या सभेत मी बोलणार होते. आपल्या पावस गावच्या घरात, स्वयंपाकघरात, सकाळी मी येरझाऱ्या घालत तेच भाषण पुन्हा पुन्हा म्हणते आहे आणि तुम्ही विळीवर बसून नारळ खवता आहात. "अगो, मला कशाला पटवतेस? मी पटलेलाच आहे. या नारळाला पटतंय का बघ." मी चिडते. तुम्ही आणखी मीठ चोळता. "चिऱ्याच्याच घरात उभी राहून चिऱ्यावर तोंडसुख घेतेस. भिंती ऐकतायत हो!"

"अण्णा, माझं भांडण चिऱ्याशी नाही, पाण्यासाठी आहे!"

"मग एवढंच सांग. आणि सांगताना माणसांच्या तोंडाकडे बघ. तुझी नजर कायम मागच्या माडांवर असते. माड काही हात वर करणार नाहीत."

हे मात्र मला लागलं होतं. दिवसभर तुमच्याशी बोलले नाही मी.

सभेचं चित्रण रत्नागिरीतल्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याने केलं, एक कॅमेरा माझ्यावर आणि एक लोकांवर ठेवून. गावोगाव ती फिल्म दाखवायची, मग ग्रामसभेत ठराव आणायचा, असं ठरलं होतं. भाषण अखंड हवं आणि पडद्यावर मीच हवी, असा माझा हट्ट. शेजारच्या वाडीत पहिल्यांदा लावली तर अर्ध्यातच पुरुष तंबाखू मळायला बाहेर गेले. एक आजी जाता जाता म्हणाली, "बाय बोलते बरी, पण किती वेळ तिच्याच तोंडाकडे बघायचं?" ठराव तिथंच बुडाला असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेले ती भांडायच्याच तयारीने. एकही वाक्य कापू देणार नव्हते. व्हिडिओवाला शांतपणे म्हणाला, "ताई, वाक्य एकही जात नाही. बसा तर खरं." त्याच्या कॉम्प्युटरवर दोन पट्ट्या होत्या, वर चित्राची, खाली आवाजाची. दोन्ही एकाच जागी तोडल्या की डोळ्याला आणि कानाला एकदम धक्का बसतो, माणूस फिल्ममधून बाहेर पडतो. म्हणून त्याने वरची पट्टी तोडली आणि खालची तशीच चालू ठेवली. माझा आवाज वाहतो आहे, पण पडद्यावर ऐकणारी माणसं आली आहेत. पुढे एका ठिकाणी त्याने उलटं केलं. चित्र अजून पऱ्यातल्या गढूळ पाण्याचं, आणि माझा आवाज मात्र सुरू झालेला. मी येते ती मागून.

मला एकदम आपल्या बागेचा गडगा आठवला. पडलेला भाग रचताना मी घाईने चिऱ्यावर चिरा ठेवत होते, नीट एकाखाली एक. तुम्ही माझी अख्खी रांग उतरवलीत. "सांध्यावर सांधा आणलास की भिंत तिथंच फाटते. वरचा चिरा खालच्या दोघांना धरून बसला पाहिजे." तेव्हा मला वाटलं होतं, आपली मेहनत फुकट घालवली. स्टुडिओच्या त्या खुर्चीत मात्र मला माझा आवाज दोन चित्रांना धरून बसलेला दिसत होता.

आणि मग तुम्ही आलात, गर्दीत मागच्या ओळीत, चष्मा पुसून पुन्हा लावताना. माझा आवाज पाण्याबद्दल बोलत होता आणि तुमचे ओठ हलत होते. माझ्याबरोबर नाही, माझ्या किंचित आधी. माझं पुढचं वाक्य माझ्या तोंडून यायच्या आत तुमच्या ओठांवर येत होतं. नारळ खवता खवता अख्खं भाषण पाठ केलं होतंत तुम्ही!

"ताई, हे नको असेल तर काढतो," तो म्हणाला.

मी मान हलवली, काढू नका म्हणून.

नंतर ही फिल्म लागली की कुणी उठून गेलं नाही. लोक पडद्यावर ओळखीचे चेहरे शोधत बसत आणि बसल्या बसल्या पाण्याचं ऐकत. ग्रामसभेत खाणीवर जाणाऱ्यांचेही हात वर झाले. ठराव झाला, खाण पऱ्याच्या पलीकडेच थांबली. आपल्या गावात फिल्म दाखवली त्या रात्री जेवताना तुम्ही म्हणालात, "माझं काम चांगलं झालंय हो. एक वाक्य चुकलो नाही." पुढच्या आंब्याच्या मोसमाला तुम्ही नव्हतात.

तुमचे फोटो आहेत घरात. हलताना दिसता ते एवढ्याच फिल्ममध्ये, आणि तिथंही आवाज माझा. तुमचा आवाज कुठंच नाही, अण्णा. तो टेप करून ठेवावा असं कुणाला सुचलंच नाही, इतका तो रोजचा होता.

हे पत्र त्या सीडीच्या पाकिटातच ठेवते आहे. एक सांगायचं राहिलं. समोरच्यांनी माईक बंद केला तरी मी बोलायची थांबत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण तुम्ही पडद्यावर आलात की मी स्वतःच्या हाताने माझा आवाज बंद करते. मग तुमचे ओठ हलतात, आणि ते भाषण मी तुमच्या तोंडून ऐकते.