सप्टेंबरचा दांडा

२९ मे २००७

आली आणि गेली! मिसेस हॉलिस, गार्डन क्लबची सेक्रेटरी. माझं आयरिस पाहून काय म्हणाली— "यू चॅप्स आर मार्व्हलस विथ कोरिएंडर." चाळीस वर्षं झाली लंडनच्या या हॅरोत, अजून मी कोथिंबिरीतच! समोर फूल डोलतंय, मोसंबीच्या सालीचा रंग, खालच्या पाकळ्यांना जांभळी कड— आणि बाई कोथिंबिरीचं बोलते.

मे महिन्यात काय, सगळ्यांचीच आयरिस फुलतात. माझं सप्टेंबरात पुन्हा फुलायला हवंय, थंडीने कळ्या मरायच्या आत. तसं सांगितलं तर भुवया वर. जमिनीत उघडलेलं दाखवा म्हणे, फुलदाणीतलं चालणार नाही. मग क्लबच्या वाफ्यात लावू. दाखवतो!

११ जून

सांगलीहून रघुवीरचा फोन. धाकटा भाऊ, पण बोलतो थोरल्यासारखा. "दादा, भाडेकरू गेला. फ्लॅट मोकळा आहे. दिवाळीला नक्की येताय, की देऊ दुसऱ्या कुणाला?" येतोय म्हटलं. फूल उघडलं की तिकिटं. हिला तीन वर्षांपूर्वीच शब्द दिलाय— सप्टेंबरात फुललं की इथलं सगळं गुंडाळायचं आणि कायमचं सांगलीला.

नुसते हात हलवत जायचं नाही, एवढंच. सातवी शिकलेला माणूस, बसच्या गॅरेजमध्ये जन्म गेला. एक तरी गोष्ट स्वतःची करून जाऊ दे. आयरिसचा गड्डा बरोबर नेऊन उपयोग नाही. त्याला कडक हिवाळा लागतो, सांगलीत नुसती पाती वाढतील.

लीलावती काही बोलली नाही. भाजी निवडत होती. वाट बघून बघून बिचारीने बोलणंच सोडलंय.

३ जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही. कसला हा उन्हाळा! आणि वाफ्यात गोगलगायी, बोटाएवढ्या. माझा जीव थाऱ्यावर नाही.

या एका झाडापायी काय काय केलं! दोन आयरिस निवडली, एकाचे पराग चिमट्याने दुसऱ्याला लावले. बी धरलं, हिवाळाभर गारठ्यात ठेवलं, रुजलं. पहिलं फूल यायलाच तीन वर्षं गेली. २००५च्या सप्टेंबरात दुसरा दांडा आला— कळी उघडायच्या आत गेला. गेल्या वर्षी पुन्हा तेच. बुंध्याशी चुरगळलेला तुकडा तेवढा उरला. दोन्ही वेळा मी घराबाहेर! एकदा डोळे तपासायला, एकदा रक्त द्यायला. गोगलगायींनाही कळतं, म्हातारा गेला, आता बसा जेवायला.

आज मंगळवार. ही पोहायला गेली. बासष्टाव्या वर्षी शिकली. म्हाताऱ्यांना बस फुकट, तो फ्रीडम पास, निळी टोपी, मग तिथल्या बायकांबरोबर चहा. सांगलीला जाईपर्यंत कसा तरी वेळ काढायचा, दुसरं काय. मीही तेच करतो, फक्त चिखलात.

९ ऑगस्ट

पात्यांचा बुंधा बोटांनी दाबून पाहिला. आत काहीतरी फुगलंय. कुणाला सांगितलं नाही.

२५ ऑगस्ट

दांडा! पात्यातून वर डोकावतोय, करंगळीएवढा. ओरडतच स्वयंपाकघरात गेलो. "खरंच?" ही म्हणाली आणि गॅस बंद करायला वळली. गॅस लावलेलाच नव्हता. आनंदाने गोंधळली.

६ सप्टेंबर

वाफ्याभोवती गोगलगायींच्या विषाचे निळे दाणे टाकले. तांब्याची पट्टी लावली. बशांतून बिअर ठेवली. कुणीतरी सांगितलं, गोगलगायी पितात आणि त्यातच मरतात.

मिलिंद साउथहॅम्प्टनहून आला. डॉक्टर झाला, पण बापाला हसायची सवय गेली नाही. "बाबा, गोगलगायींना बिअर आणि मला पाणी?" मग रात्रीच्या जेवणाला विषय काढलाच. "तुम्ही जाल, पण आईचं काय?"

"तिचं काय म्हणजे? तिच्यासाठीच चाललंय सगळं."

"आणि तिचं पोहणं?"

"सांगलीत कृष्णा आहे. पोहील तिथे."

तो हसला. ही ताटं उचलून गेली. माझं अजून जेवण व्हायचं होतं! या घरात माझ्या जेवणाचीसुद्धा कुणाला पर्वा नाही.

१५ सप्टेंबर

गणपती बसले. जास्वंदीच्या कुंडीत एकच फूल मिळालं, बाकी दुकानातली शेवंती. तिकडे माझ्या कळीचं टोक रंगलंय. मी आधीच बजावलं, ते फूल देवालासुद्धा देणार नाही. "मागितलं कुणी?" ही फटकन म्हणाली. मोदक करताना हात भाजला होता, म्हणून असेल.

१७ सप्टेंबर

मिसेस हॉलिस गुरुवारी येते म्हणाली. कळी बुधवारी रात्री नाहीतर गुरुवारी सकाळी उघडेल. वारा सुटला तर? कबुतर बसलं तर? आणि नेमकी बुधवारी गुडघ्याची अपॉइंटमेंट! जायचंच नव्हतं. ही म्हणाली, "अहो, जाऊन या. महिनोन्‌महिने थांबलात त्यासाठी. मी आहे ना घरी." जातो. निदान हिला तरी माझी काळजी आहे.

१९ सप्टेंबर

बसस्टॉपवर असतानाच मोबाइलवर फोन आला, अपॉइंटमेंट पुढे गेली. परत आलो तो बाजूच्या फाटकातून सरळ बागेत. ही वाफ्याशी वाकलेली. मेथी खुडावी तसा नखाने दांडा खुडला, बुंधा बोटांनी चुरगळला, कळी कार्डिगनच्या खिशात टाकली. मग मी दिसलो.

"मला नाही जायचं सांगलीला," म्हणाली. "तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

तिन्ही वर्षं ते उघडणार होतं. तिन्ही वर्षं!

रघुवीरला फोन केला, फ्लॅट देऊन टाक. मग मिसेस हॉलिसला. उद्या येऊ नका म्हटलं, गोगलगायींनी खाल्लं.