एका माणसाची गादी

१ मे २०२६, शुक्रवार
निर्णय झाला. घरची सात सीटर व्हॅन मी ऑफ-रोड कॅम्पर करणार. मोबाईलवर एका गोऱ्यानं नऊ दिवसांत केली. मी कॉलेजच्या लॅबमध्ये वीस वर्षं असिस्टंट आहे, मला सहा पुष्कळ.

कारण लिहून ठेवतो, पुढं डळमळायला नको. वय सेहेचाळीस. जळोचीच्या या घरात नऊ माणसं. जन्मात एक रात्र एकटा झोपलेलो नाही. अपेंडिक्सच्या वेळीसुद्धा खाटेखाली चुलते घोरत होते. एक रात्र हवी. उजनीच्या पाण्याकाठी, एकटा. मुदत ७ जून.

बायकोला, मोनाला, एवढंच सांगितलं की ७ जूनला उजनीला मुक्कामाला जायची गाडी करतोय. ‘एकटा’ हा तपशील योग्य वेळी.

३ मे, रविवार
सीटा काढल्या. सगळे बोल्ट सहज निघाले, एक सोडून. तो अंगठ्यावर निघाला. सीटा गच्चीवर. भंगारात देणार होतो, मोनानं देऊ दिल्या नाहीत. आईनं विचारलं, आता देवाला कशात जायचं. म्हटलं, स्कूटरवर. आई आत गेली. म्हणजे पटलं.

७ मे
वालचंदनगरहून बाजीराव तात्या आले. कंपनीतून रिटायर झालेले फिटर. निम्मा दिवस नुसती मापं. मग म्हणाले, दीपकराव, पलंगाचा अँगल सरकत्या दाराच्या आतल्या हँडलवर येतोय, चार बोटं मागं घ्या. मागं घेतला तर माझे पाय दुमडतात. म्हणून मी हँडलच काढून टाकलं. तात्या म्हणाले, मग आतनं दार उघडायचं कसं? म्हटलं, निसर्गात दार उघडंच ठेवायचं असतं. तात्यांनी पट्टी खिशात घातली आणि चहा न घेता गेले. जुनी माणसं.

ड्रायव्हरच्या मागं आडवी प्लायची भिंत ठोकली, तिला किचनचं कपाट. तात्यांशिवाय. मजबूत झाली.

१२ मे
पलंग तयार. रुंदी दोन फूट. बरोबर एका माणसाची गादी.

मोनानं नवा थर्मास आणलाय, दोन कपांचा. वजनाचा विचार बायका करत नाहीत. तिनं स्वतःला कॅनव्हासचे बूटही आणलेत. आईला सांगत होती की ७ जूनला छकुली तुमच्यापाशी झोपंल. मुलगी आजीपाशी का झोपणार, विचारायला वेळ झाला नाही.

१५ मे
मोठे टायर बसवले. डावीकडं वळताना घासतात. उजवीकडं काही त्रास नाही. उजनीला उजव्या वळणांनी कसं जायचं ते नकाशात बघतोय.

१७ मे
धोंड्याचा महिना लागला. तीन वर्षांनी एकदा जावयाला भाव येतो तो महिना. अंथुर्ण्याहून सासऱ्यांचा फोन आला, येत्या रविवारी सगळ्यांना घेऊन या. सगळ्यांना म्हणजे नऊ. सीटा नाहीत. खाली सतरंजी टाकू. शिवाय सासऱ्यांचं वावर आहे, ऑफ-रोडची टेस्टही होईल.

२४ मे, रविवार, अंथुर्णे
स. ११.१० सासरे महिपती आबा म्हणाले, पावणं, खालच्या वावरात जाऊ नका, कॅनॉलचं पाणी दिलंय. ऑफ-रोड गाडीला असं सांगतात! निघालो.

११.२५ गाडी स्थिर झाली आहे. चारही चाकं सारखीच खोल. बॅलन्स उत्तम.

११.४० रुतलोय असं कुणाला वाटू नये म्हणून मागं येऊन गादीवर पडलो आणि दार ओढून घेतलं. लांबून कॅम्पिंग वाटेल.

११.४२ दार आतून उघडत नाही.

१२.३० फोन पुढं राहिला. प्लायला लाथा मारल्या. माझं काम खरोखर मजबूत आहे. खिडकीची काच चार बोटं सरकते.

१.१५ छकुलीनं पाहिलं. वाटलं दार उघडेल. ती ओरडत वस्तीवर गेली आणि सगळ्यांना घेऊन आली. बाहेरूनही दार उघडेना, खालची पट्टी चिखलात. मागच्या दाराला पलंग आडवा. ट्रॅक्टर मेहुणा अविराज इंदापूरला घेऊन गेलाय, चार वाजता येईल.

१.४० सासूबाई प्रयागबाई म्हणाल्या, जावई कुठं का असंना, ओवाळायचं तर येळंवर. गुडघाभर चिखलात उभ्या राहून काचेबाहेरून ओवाळलं. कुंकू फटीतून बोटानं लावलं, नाकाला लागलं. मग पुरणाचे धोंडे एकेक करून आत आले. ताट आत येत नाही.

२.३० सगळे गेले, मोना थांबली. नवे बूट चिखलात. आत डोकावून म्हणाली, गादी केवढी हाय? म्हटलं, दोन फूट. किती जणांची? म्हटलं, एकाची. ती म्हणाली, एकाचीच व्हय? मी वजनाचा आणि जागेचा हिशोब नीट समजावून सांगितला. जाताना तिनं काच बाहेरून ओढून पूर्ण लावली. माशा येऊ नयेत म्हणून असेल.

४.५० ट्रॅक्टरनं ओढलं. वाण मागनं धाडते, असं सासूबाई म्हणाल्या.

२६ मे
मोना बोलत नाही. उन्हानं थकली असेल. बूट धुऊन परत खोक्यात घातले, थर्मास फडताळात वर ठेवला. तो दुसरा कप कुणासाठी होता, हे काल अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं. फार वाईट वाटलं. तिला सांगणार होतो, पण ती घाईत होती. गच्चीवरच्या सीटा दिसत नाहीत. जागा तरी झाली.

३१ मे, रविवार
धोंड्याचं वाण आलं. अविराज टेम्पो घेऊन आला. तेहतीस अनारसे, तांब्याचा दिवा, शर्टपीस आणि माझ्याच सीटा. नवी मरून कव्हरं, गोंड्यांसकट. मोनानं मंगळवारी माहेरी धाडल्या होत्या म्हणे. धोंड्याचं वाण जावयाला नको म्हणता येत नाही. अविराजनं चहाच्या आत बसवूनही टाकल्या. प्लायची भिंत तेवढी ठेवली, डबे ठेवायला बरी हाय म्हणाला. हँडल मागत होता. ते मी जपून ठेवलंय, कुठं ते आठवत नाही.

पलंग गच्चीवर. मोना त्यावर कुरडया वाळत घालते. पुरतो.

७ जून, रविवार, उजनी, दु. ४
आलो. घरची नऊ आणि अविराज. तोच चालवत होता. म्हणाला, दाजी, तुमी मागं बसा, परत रुतवाल. शेवटच्या सीटचा कोपरा मिळाला. सगळे उतरले, मी चपला शोधत होतो, तेवढ्यात कुणीतरी धूळ नको म्हणून दार लावलं.

समोर पाणी. मोनानं थर्मास काढलाय. एक कप आईला दिला, दुसरा स्वतः घेतला.

म्हणजे ७ जून, उजनीचा काठ, गाडीत मी एकटा. सगळं ठरल्याप्रमाणे.

हॉर्न भिंतीपलीकडं आहे. काच वाजवली. मोनानं मागं वळून पाहिलं, आणि चहावर फुंकर घातली.