पाण्यापर्यंतच मोजलेली विहीर

छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप अण्णा,

पायांवर डोकं ठेवून लिहिते.

"लई गणित शिकून तुला काय विहीर खंदायचीय?" दहावीनंतर मी सायन्स मागितलं, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात. काल ते आठवून हसू आलं.

इथं सगळे खुशाल. शिवमची अकरावीची जुनी पुस्तकं मी दुपारी माझी मीच वाचते. तो चिडवतो, "आई, आता तुला मार्क कोण देणार?"

दिवाळीला पिशोरला आले, तेव्हा विहिरीत दगड टाकून मोबाइलवर वेळ मोजला होता. पाणी गढूळ केलं म्हणून तुम्ही रागावलात. वेळ आला दीड सेकंद. त्यावरून खोली निघाली छत्तीस फूट, म्हणजे सहा परस. तुम्ही तर आठ परस सांगता. महिनाभर वाटत राहिलं, अण्णांचंच चुकलं. काल मेथी निवडताना उमगलं, दगड पाण्यावर वाजला होता, तळाला नाही. खालचं दोन परस पाणी मी धरलंच नव्हतं.

गुडघा कसा आहे? काठावर वाकत जाऊ नका.

बद्रीदादा फोनवर म्हणाला, उन्हाळ्यात नवी विहीर खणायचीय. तिचं माप मला काढू द्याल? नाही म्हणाल, ठाऊक आहे. तरी विचारते.

तुमचीच,
नंदा