मोकळं हाय

१४ नोव्हेंबर १९५४

आज पोचले. गोंडपिपरीहून बैलगाडीनं आले. गाडीवान वाटभर बैलांना शिव्या देत होता आणि मध्येच त्यांचीच माफी मागत होता. मला हसू आलं. किती दिवसांनी हसले.

जंगलात जागा मोकळी करून पडाव घातलाय. गुणवंतराव ठेकेदारांचं कुडाचं घर, मजुरांच्या झोपड्या, स्वयंपाकाची खोली आणि तिला लागून माझी. ओटा नवा सारवलेला. खिडकीबाहेर साग.

मागच्या हंगामात हे इथंच मुकादम होते. झाड अंगावर पडून गेले. आता गुणवंतरावांनी वरोऱ्याला माणूस पाठवून मला स्वयंपाकाला बोलावलं. भला माणूस म्हणायचा. दिराच्या घरी कोपऱ्यात बसण्यापेक्षा इथं बरं. जिथं हे हिंडले ती माती तरी पायाला लागेल.

मी शाळा पाहिलेली नाही. वाण्याच्या पुडीच्या कागदांवरून वाचायला शिकले. ह्यांनी माझी थट्टा केली आणि मग स्वतःच वही आणून दिली. ती इतके दिवस कोरी होती.

१७ नोव्हेंबर

गुणवंतराव जेवायला बसले की पहिल्या घासाला खाकरतात आणि म्हणतात, ‘बाई, मीठ कमी हाये.’ मग सगळं संपवतात. मी मीठ वाढवलं, तरी तेच. वारलूनं सांगितलं की मालक त्याच्या बायकोलेही हेच म्हणते, तुम्ही मनावर घेऊ नका. वारलू हा म्हातारा गोंड, झाड पाडण्यात इथला पहिला.

आज सुकरीला पाहिलं. तिशीची असेल. आईबाप नाहीत. तिला वेणी घालता येत नाही. तहान लागली तरी पाणी मागत नाही, भांडं हातात द्यावं लागतं. भांड्यांचा आवाज झाला की कान दाबून डोलत बसते. पण भाषा? गोंडी, तेलुगू, छत्तीसगढी, मराठी, जी म्हणाल ती, आणि त्या त्या घरच्या बाईसारखी.

गुणवंतराव तिला माझा भोंगा म्हणतात. इथले मजूर तीन मुलखांचे, एकाची बोली दुसऱ्याला कळत नाही. म्हणून कामाचा नियम असा : झाड पडायच्या आधी सुकरी उंचवट्यावर उभी राहते आणि प्रत्येक टोळीला तिच्या भाषेत ‘थांबा’ म्हणते. झाड पडलं की ‘मोकळं आहे, या’. आपल्या भाषेत हाक आल्याशिवाय कोणी पाऊल टाकत नाही. आणि आली की वर बघतसुद्धा नाही.

२५ नोव्हेंबर

जंगलखात्याचे एक दाक्षिणात्य साहेब तपासणीला आले होते. संध्याकाळी अंगणात बसून चाकराशी आपल्या भाषेत बोलत होते. सुकरी जवळच डोलत होती. सकाळी ती त्यांच्याशी त्याच भाषेत बोलायला लागली. साहेब चहा सांडून उठले. मला हिंदीत म्हणाले की हिनं काढले ते शब्द मी काल उच्चारलेच नाहीत. ते माझ्या मोठ्या बहिणीचं बोलणं आहे. ती वारली. मी तिच्याकडूनच बोलायला शिकलो.

दिवसभर डोक्यात तेच आहे. सुकरी शब्द उचलत नसावी, बोलणारा माणूस उचलत असावी. आपल्या डोक्यात एक ‘मी’ बसलेली असते, ती बोलते. सुकरी कधीच ‘मी’ म्हणत नाही. तिथं बहुधा कोणी राहतच नाही. म्हणून जो येईल त्याला जागा मिळते.

४ डिसेंबर

 जसं झालं तसं लिहिते.

दुपारी सुकरीची वेणी घालत होते. ओढलं गेलं असेल. ती म्हणाली, ‘हळू वं भागे, जीव घेतं का?’

भागे मला ह्यांच्याशिवाय कोणी म्हणत नसे. आवाज सुकरीचाच, बारीक. पण ‘वं’ लांबवणं, बोलण्याआधी जीभ टाळूला लावून ‘च्’ करणं... बोलणारे हेच होते.

मी कंगवा ठेवून रडले. मग पुन्हा वेणी सोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

११ डिसेंबर

रोज दुपारी तिला घेऊन बसते. ‘मुकादमासारखं बोल’ म्हटलं की ती बोलते. आज मी विचारलं, तुमचा तो जुना खोकला कसा आहे? म्हणाली, ‘च्, आता कायचा खोकला वं.’

हे वाक्य ह्यांनी जिवंतपणी कधी म्हटलं नसणार. मला भीती वाटायला हवी होती. मी पापड भाजून दिला. ह्यांना आवडायचा.

१८ डिसेंबर

आज विचारलं. धीर करून विचारलं, त्या दिवशी काय झालं?

सुकरी डोलायची थांबली. आधी ती खाकरली. गुणवंतरावांसारखी. मग त्यांच्याच बोलीत म्हणाली, ‘सुकरे, त्याले मोकळं हाये म्हण. मराठीत म्हण. बाकीच्याइले थांबा म्हण.’

मग तीन भाषांत तीच हाक. थांबा. थांबा. थांबा. आणि मग मराठीत, ‘मुकादम, मोकळं हाय, या!’

आणि मग हे. ‘च्, आलो.’

एवढंच. आलो.

त्या कुपात, म्हणजे तोडीला दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात, मराठी हाकेवर चालणारे हे एकटेच होते.

२० डिसेंबर

वारलूला विहिरीवर गाठलं. त्यानं बादली विहिरीत सोडली. मग म्हणाला, मुकादमानं जंगलखात्याचा शिक्का नसलेली झाडं तोडू नका म्हटलं होतं, साहेबाले सांगीन म्हटलं होतं. मी विचारलं, तुला मराठी येते ना, मग हाक ऐकली नाहीस? म्हणाला, ‘आयकली बाई. पन शेवटचा घाव बसला होता. झाडाले कोन थांबवते?’

मग म्हणाला की लोक कुजबुजत होते, त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून मालकानं तुम्हाले कामावर आनलं.

माझ्या हातचं खातो तो. पोटभर. आणि मीठ कमी म्हणतो.

२३ डिसेंबर

ह्यांना विचारलं, काय करू? म्हणाले, ‘जाऊ दे वं भागे. त्याचे लेकरं हायेत.’

अगदी ह्यांच्यासारखं. जन्मभर हेच केलं. दिरानं शेत घेतलं, जाऊ दे. आधीच्या ठेक्यावरची मुकादमी दुसऱ्यानं नेली, जाऊ दे.

मी नाही जाऊ देणार. हे सुकरीला नाही, ह्यांना सांगितलं. तोंडावर सांगितलं.

२९ डिसेंबर

केलं.

जेवण घेऊन कुपात गेले. वारलूचा घाव शेवटाला आला होता. सुकरीनं तिन्ही टोळ्यांना थांबवलं. गुणवंतराव छत्री घेऊन सुरक्षित बाजूला उभे होते, आम्ही त्यांच्यामागे. मी सुकरीच्या कानात म्हटलं, मुकादमासारखं बोल. मालकाले बोलाव.

ती म्हणाली, ‘च्, मालक, मोकळं हाय, या.’

त्यांनी मागं पाहिलं. सुकरीकडं पाहिलंच नाही, तिच्या अंगातून कुठंतरी मागं पाहिलं. छत्री टाकून पळाले. आमच्यापासून दूर. झाड येत होतं तिकडं. वारलू ओरडत होता.

मी डबा खाली ठेवला नव्हता. सांडलं नाही काही.

३१ डिसेंबर

पोलीस येऊन गेले. अपघात लिहिलं. ह्यांच्या वेळी लिहिला होता तोच शब्द.

ठेकेदारांचा मेहुणा येईपर्यंत थांबायचंय. मला झोप छान लागली. खरंच लागली.

२ जानेवारी १९५५

सुकरीला जेवायला वाढलं. तिला चव कळत नाही, दगड दिला तरी चावेल. पहिला घास घेतला. खाकरली.

‘बाई, मीठ कमी हाये.’

४ जानेवारी

ह्यांना बोलाव म्हटलं. ‘च्’ झालं. मग खाकरणं. मग पुन्हा ‘च्’. एका तोंडात दोघं. सुकरीच्या कपाळाला घाम. तिथं जागा आहे, असं मीच लिहिलं होतं ना —

६ जानेवारी

हे बोलत नाहीत. दोन दिवस. तोच बोलतो. ओट्याशी बसून मला बघतो आणि हंगामाचं बोलतो, किती लाकूड, कुठली टोळी. नवी वाक्यं. मेल्यानंतरची.

मी म्हटलं, सुकरे, गप. ती गप्प होत नाही. पहिल्यांदाच तिनं सांगितलेलं ऐकलं नाही. दुसऱ्या कोणाचं तरी ऐकते आहे. आतल्या.

७ जानेवारी

वारलूला म्हटलं, मला उद्याच गोंडपिपरीला सोड. म्हणाला, एक झाड अर्धं कापून राह्यलं हाये तुमच्या खोलीमागं, वारा आला तर छपरावर येईल. ते पाडतो, मग गाडी जुंपतो.

सुकरी दारात उभी होती. सगळं ऐकलं तिनं. तिनं की —

८ जानेवारी

सकाळ. गाठोडं बांधलं. मागं कुऱ्हाड चालू आहे. वारलूनं सांगितलंय, हाक येईपर्यंत दाराबाहेर पाय टाकू नका.

आत्ता सुकरी खिडकीपाशी आली. खाकरली. स्वतःलाच म्हणाली —

‘सुकरे, तिले मोकळं हाये म्हण. मुकादमाच्या बोलीत म्हण.’

आणि गेली. उंचवट्याकडं.

दार लावून बसले आहे. लिहिते आहे म्हणजे हात दुसरं काही करणार नाहीत.

तेलुगूत हाक. गोंडीत. छत्तीसगढीत. थांबा, थांबा —

कुऱ्हाड थांबली.

‘च्, भागे.’

आवाजही. आवाजही ह्यांचाच. बारीक नाही आता, ह्यांचाच, खोकल्यानं बसलेला —

‘मोकळं हाय वं. ये.’

मला ठाऊक आहे. कोणी सांगितलंय ते ठाऊक आहे. लाकूड कडकडतंय, ते पण ऐकू येतंय —

पुन्हा बोलावलं. दमल्यासारखे वाटतात. उन्हात उभे असतील, पाणी मागायची सवय नाही ह्यांना, एवढा तांब्या देऊन लगेच