टिल्ली पास झाली

४ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

अखेर टिल्लीचा तपासणीचा नंबर लागला, वीस तारखेला. चार वर्षांची झाली तरी हाक मारली की वळून बघत नाही, तहान लागली तरी सांगत नाही. डॉक्टरबाईंनी निदान लिहून दिलं तरच बोलायला शिकवणाऱ्या केंद्रात तिला घेतील, आणि तिथे आता एकच जागा उरलीय. ह्यांचं आपलं एकच पालुपद, बोलेल गं उशिरा!

कारखान्यात मला जादा पाळ्या आहेत, म्हणून तोवर तिला तुझ्याकडे ठेवते. लाड हवे तेवढे कर, पण माझ्याकडून घ्यायचीस तसं तिच्याकडून घोकून घेऊ नकोस, बाई!

तुझी घोकून घोकून शहाणी झालेली,
बेबी

१८ जून

चि. बेबीस,
अ. उ. आ.

टिल्लीला तुझ्या दादाबरोबर पाठवतेय. अगं, जन्मभर पहिलीचा वर्ग घेतला मी. परीक्षेला पोर कोरं पाठवायचं माझ्याच्यानं होईल का? रोज समोर बसवलं. नाव काय, वय काय, नाक कुठं, कान कुठं, सगळं धडाधड सांगते. वर बघत नव्हती, तर हनुवटी धरून बघायला लावलं. लाल ठोकळा मागितला की लालच देते. आता काढू देत तुझ्या बाईंना खोड!

निकाल लगेच कळव. माझ्या पोरीला माझे पापे.

तुझी आई

२६ जून

ती. आईस,
नमस्कार.

टिल्ली पास झाली. बाईंनी नेमकं तेच विचारलं, आणि ती तुझ्याच सुरात सांगत गेली. बाहेर रांग होती, बाई खूश झाल्या. हे सगळं पाठांतर आहे, असं मी गयावया करून सांगितलं. त्या म्हणाल्या, आया उगाच घाबरतात, आणि निदान लिहून दिलंच नाही. केंद्रातली जागा दुसऱ्या मुलाला गेली. आता पुन्हा पुढच्या वर्षी. मला तुझा इतका राग आलाय की काय लिहू.

काल तिचं बोट दारात चेमटलं. माझ्याकडे धावत आली, पहिल्यांदाच, माझ्या तोंडाकडे बघत. रडत रडत सांगू लागली की नाव टिल्ली, वय चार, हे नाक, हे कान. पुन्हा पुन्हा तेच. दुखतंय म्हणायला दुसरे शब्दच नाहीत गं तिच्याकडे! शेवटी तुझ्यासारखं शाब्बास म्हणाली आणि बोट पुढे करून उभी राहिली.

बेबी

३० जून

चि. बेबीस,
आशीर्वाद.

पत्र वाचलं. पोरीची जागा मीच घालवली. परवा येतेय. बाईंच्या दाराशी बसून राहीन, आत घेतील तेव्हा सांगेन, की पास झाले ती मी, माझ्या नातीची परीक्षा अजून व्हायचीय. हाकलून दिलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसेन.

रागव माझ्यावर, हवी तेवढी रागव. पण मी येईपर्यंत ती पुन्हा ते म्हणायला लागली, तर आधी तिला कुठं दुखतंय ते बघ.

तुझी आई