पेसाखचा निळा रंग

लोद, ९ मे १९९९

प्रिय पप्पा,

आधी हे लिहून टाकते: गिटारचा रंग मी काढणार नाही. कोणी कितीही सांगो.

डेबोरा आत्याच्या घराची डागडुजी आहे असं सांगून तुम्ही एलातला गेलात, त्याला महिना झाला. आईला ते कारण पटलं. मला नाही.

अश्दोद बंदरातल्या मेइरकडून ती गिटार घेतली तेव्हा तुम्ही विचारलंत, "जुनी, चिरा पडलेली, पिवळी पडलेली कशाला घेतलीस? नवी मिळत नव्हती?" १९६२ची अमेरिकन गिटार, या देशात अशा दोन-चार असतील, असं मी ऐटीत म्हणाले. पण तिची किंमत त्या जुन्या, मूळ रंगातच होती, हे सांगायचं राहिलं. मग मी शाळेच्या मुलांना घेऊन सहलीला गेले आणि घरात पेसाखच्या सणाची साफसफाई सुरू झाली. ठाण्यात असताना सणाआधी भिंतींना चुना आणि भांड्यांना कल्हई व्हायची. इथे तुम्ही दारं रंगवलीत, खुर्च्या रंगवल्यात आणि शेवटी माझी गिटार. तारा उतरवून, नंबरावर पट्टी चिकटवून, घासून, तीन हात. सणाच्या दिवशी मी परतले, तर गडद निळी, आरशासारखी! तुम्ही हात पुसत म्हणालात, "बघ शुलू, आता शोभते की नाही सणाला?"

परवा ती तेल अवीवच्या दुकानात नेली. दुकानदार कपाळाला हात लावून म्हणाला, "हे कुठल्या गाढवाचं काम?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांचं. ते विमानं रंगवतात. त्यांचा रंग ढगांतून जाऊन येतो, तुमच्या दुकानाचं छत तर पावसात गळतं." तो औषध लावून रंग उतरवून देणार होता. मी गिटार उचलली आणि बाहेर पडले. आमच्या बँडचा एलाद म्हणतो, लोक हसतील, कार्यक्रमाच्या दिवशी माझी काळी गिटार घे. त्याला सांगितलं, वाजवेन तर हीच, नाहीतर दुसरी वादक शोध. दोन दिवस फुगून बसला, मग गुपचूप सरावाला आला. पप्पा, आवाजात काडीचा फरक नाही. खोटं वाटत असेल तर येऊन ऐका.

पण दुकानदाराने तुम्हाला गाढव म्हटलं यात विशेष काय? तो परका. त्याच रात्री सेदरच्या जेवणाला जमलेल्या पाहुण्यांसमोर 'अडाणी' म्हणाले ती मी. एरवी भांडताना मी हिब्रूच बोलते. तो शब्द मुद्दाम मराठीत काढला, तुम्हाला नीट लागावा म्हणून. मला पदवी मिळाली तेव्हा मलिदा करून नवस फेडणाऱ्या माणसाला मी तो शब्द ऐकवला. तुम्ही फक्त हातातल्या हगादाच्या पोथीचं पान उलटलंत. ते पान मला अजून दिसतं. फोनवर माफी मागितली तर तुम्ही "असू दे" म्हणून ठेवून द्याल, म्हणून हे पत्र. येत्या गुरुवारी संध्याकाळी सात वाजता आपल्या सभागृहात आमचा कार्यक्रम आहे, आणि सेदरचे सगळे पाहुणे मी बोलावलेत. वाजवण्याआधी ही गिटार कोणी रंगवली आणि त्यांना मी काय म्हणाले, हे माइकवर सांगणार आहे. आई नको म्हणते. मी सांगणारच. सकाळची बस पकडा. पहिल्या रांगेतली खुर्ची तुम्ही येईपर्यंत मी कोणाला देणार नाही, आणि तोवर तारेला हातही लावणार नाही.

तुमचीच हट्टी,
शुलामिथ